शेठ विचारतात, "यातून मला काय मिळणार?"

पत्र

स.न.वि.वि.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी हजेरी, पगार, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), पीएफ असं सगळं बघते. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या आणि रेडिएटर बनतात. कामगार १३२, स्टाफ २४. पहिल्या दोन शेडमध्ये कटिंग, फिटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग चालतं आणि तिथे मिळून ९० माणसं आहेत. बाकीची तिसऱ्या शेडमध्ये पेंटिंग आणि जोडणीला. एरवी गैरहजेरी ५ टक्के असते, एप्रिल ते जूनमध्ये ११ टक्क्यांवर जाते. गेल्या मे महिन्यात एक वेल्डर टाकीत काम करताना चक्कर येऊन पडला. सुदैवानं वाचला.

एका कंपनीनं आम्हाला वेलनेस पॅकेज दिलंय. माणशी वर्षाला १,८०० रुपये, त्यात ६० चाचण्यांची तपासणी, महिन्यातून दोनदा योगवर्ग आणि मोबाइल अ‍ॅप. माहितीपत्रकात लिहिलंय, "एका रुपयाला तीन रुपये परत." शेठ म्हणाले, "ताई, आजारी माणसाचा पगार मी देत नाही, औषधपाणी ईएसआय बघते. यातून मला काय मिळणार ते कागदावर दाखवा." माणसांसाठी काहीतरी व्हावं असं मला मनापासून वाटतं. कागदावर काय लिहू?

– एक वाचक, मांजलपूर

उत्तर

ताई, शेठचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला कागदावर उत्तरही देता येतं. फक्त ते शोधायचं तुमच्या हजेरीपटात. माहितीपत्रकात ते मिळणार नाही. का, ते आधी सांगतो, कारण शेठ उद्या नेमकं तेच विचारतील.

"एकाला तीन" हा आकडा हवेतला नाही. २०१० साली 'हेल्थ अफेअर्स' या अमेरिकी नियतकालिकात आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. अशा कार्यक्रमावरच्या दर डॉलरमागे औषधोपचाराचा खर्च ३.२७ डॉलरनी आणि गैरहजेरीचा खर्च २.७३ डॉलरनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पॅकेज विकणारे आजही तोच सांगतात, पुढचं सांगत नाहीत. पुढे इलिनॉय विद्यापीठानं आपल्याच सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून प्रयोग केला. काहींना कार्यक्रम दिला, काहींना दिला नाही. पहिल्या वर्षात ना उपचारांच्या खर्चात फरक दिसला, ना गैरहजेरीत. हौसेनं भाग घेणारे मुळातच कमी आजारी पडणारे होते, हेही त्यात उघड झालं. २०१९ साली एका मोठ्या दुकानसाखळीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. १६० ठिकाणं, जवळपास ३३,००० कर्मचारी, दीड वर्ष. आम्ही व्यायाम करतो असं सांगणारे वाढले, पण वजन, रक्तदाब, खर्च, गैरहजेरी होती तिथेच राहिली.

दुसरं कारण आपल्याकडचं आहे. अमेरिकेत कर्मचाऱ्याच्या दवाखान्याचं बिल बऱ्याच अंशी मालकाच्या खिशातून जातं, म्हणून माणूस निरोगी राहिला की मालकाचा पैसा थेट वाचतो. तुमच्याकडे २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येकजण ईएसआयमध्ये आहे. मालकाचा हप्ता पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. वर्षभर कुणी दवाखान्याची पायरी चढला नाही तरी तेवढाच, आणि दहा ऑपरेशनं झाली तरी तेवढाच. म्हणजे तुमच्या बहुतेक कामगारांपुरती औषधोपचारातली बचत शून्य धरायची. २४ जणांच्या स्टाफचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर त्याचा प्रीमियम गेल्या वर्षीच्या क्लेमवर हलतो. पण इतक्या लहान गटात एका बायपासनं सगळं गणित उलटतं, म्हणून तिथेही बचतीचं वचन देऊ नका.

मग शेठचा फायदा कुठे? हजेरीत, हाताखालून निघणाऱ्या कामात आणि शिकलेला माणूस टिकण्यात. तिन्ही गोष्टी तुम्हाला तुमच्याच कागदांवरून मोजता येतात.

"आजारी माणसाचा पगार मी देत नाही" हे खरं, पण त्याचं काम कुणीतरी करतंच. समजा वेल्डरची रोजी ७०० रुपये. तो आला नाही, ७०० वाचले. तेच आठ तास दुसऱ्याकडून ओव्हरटाइमनं करून घेतले तर दुप्पट दरानं १,४०० गेले. म्हणजे दर खाड्याला ७०० रुपये अंगावर. शिवाय बारा तास उभा राहिलेला माणूस शेवटच्या चार तासांत जे जोड मारतो, त्यातले टेस्टिंगला गळतात. ते रिवर्क, म्हणजे पुन्हा करायचं काम, निराळंच.

आता हजेरीपट उघडा, पण लगेच बेरीज करू नका. आज तुमच्याकडे गैरहजेरीला एकच 'अ' पडत असेल. त्याचे पाच भाग करा: मंजूर रजा, गावी गेलेला, स्वतः आजारी, कामावर इजा, घरचं आजारपण किंवा इतर. उन्हाळ्यातले सगळे खाडे उन्हानं होत नाहीत. खानदेशातली मंडळी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी जातात, उत्तरेकडचे लग्नसराईत. पंखे आणि पाणी कितीही दिलंत तरी तो माणूस आखाजीला जाणारच, आणि जावंही. हे खाडे वेगळे न काढता शेठपुढे गेलात तर ते स्वतःच तुम्हाला थांबवतील.

आकडे मांडून बघू. एप्रिल ते जून कामाचे दिवस ७५ धरले तर १३२ माणसांचे ९,९०० मनुष्यदिवस. ११ टक्के म्हणजे १,०८९ खाडे. एरवीच्या ५ टक्क्यांनी ४९५ झाले असते. जादाचे ५९४. त्यातले निम्मे गावाकडचे समजू, उरले २९७. दर खाड्याला ७०० प्रमाणे २,०७,९०० रुपये. हे सगळं वाचेल असं म्हणू नका. एक तृतीयांश वाचलं तरी ६९,३०० होतात, तोच आकडा कागदावर घ्या. पॅकेजचा खर्च १५६ माणसांचे २,८०,८०० रुपये. म्हणजे गावाकडचे सोडून उन्हाळ्यातला जादाचा एकूण एक खाडा थांबला तरी पॅकेज फिटत नाही, आणि योगवर्गानं मे महिन्यातलं वेल्डिंग शेड थंड होत नाही.

पैसा कुठे घालायचा, तर काम करताना माणूस जिथे अडतो तिथे. तुमच्याकडे तो सगळ्यात आधी उष्णतेशी अडतोय.

पाण्यापासून सुरुवात करा. उष्ण जागी कष्टाचं काम करणाऱ्याला दर २० मिनिटांनी साधारण २४० मिली, म्हणजे एक पेला पाणी लागतं. आठ तासांचे पावणेसहा लिटर होतात. ९० माणसांना ५२० लिटर. कूलर गेटजवळ असेल तर हेल्मेट, हातमोजे, एप्रन काढून तिथवर कुणी तासाला तीनदा जात नाही. २० लिटरचे १० इन्सुलेटेड जार शेडमधल्या प्रत्येक कामाच्या पट्ट्याच्या टोकाला ठेवा आणि दिवसातून तीनदा भरा, ६०० लिटर होतात. भरायला एका हेल्परचे रोजचे दोन तास नेमून द्या. "ज्याला वेळ मिळेल त्यानं भरावे" असं ठेवलंत की चौथ्या दिवशी जार कोरडे पडतात. एका तासात दीड लिटरवर मात्र कुणी पिऊ नये, नुसतं पाणी भसाभस पिऊन अंगातलं मीठ पातळ होतं. जेवणाबरोबर मिठाचं ताक चांगलं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरचं असतं. ते पेलाभर पाण्यात ओतून पिणं सर्रास चालतं आणि त्यानं तहान आणखी वाढते. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत.

पाण्याबरोबर संडास-मुतारी बघा. ती लांब किंवा घाण असली की माणसं मुद्दाम कमी पितात, बायका तर हमखास. या एका कारणानं कितीतरी ठिकाणी भरलेले जार संध्याकाळी भरलेलेच राहतात.

मग वेळ. १५ एप्रिल ते १५ जून शिफ्ट सकाळी सातला सुरू करता आली तर जड काम अकराच्या आत उरकतं. दुपारी १२ ते ४ मध्ये दर तासाला १० मिनिटं सावलीत, पंख्याखाली, हेल्मेट-एप्रन काढून बसायचं. शेठ म्हणतील, ९० माणसांची रोज ४० मिनिटं गेली. ती आजही जातातच, फक्त लपून, कारण थकलेला हात आपोआप मंदावतो. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड कामगारांवर याचा प्रयोग झाला आहे. पाणी, सावली, ठरलेली विश्रांती आणि हाताला सोसवेल असा कोयता दिल्यावर एका गटाची माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. तुमच्याकडे इतकी वाढ होईल असं लिहू नका. विश्रांतीनं काम घटत नाही, एवढंच सांगा.

गावाहून परतलेल्या माणसाकडे खास लक्ष द्या. आठवड्याहून जास्त गैरहजर राहिलं की अंगाची उन्हाची सवय मोडू लागते. जुन्या माणसाला पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम. अगदी नव्या भरतीला पहिल्या दिवशी २० टक्के, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. आखाजीहून आलेला वेल्डर दुसऱ्या दिवशी पूर्ण शिफ्ट टाकीत घातला जातो, आणि धोका नेमका तिथेच असतो.

तुमचा तो वेल्डर टाकीत पडला, हे वाचून आम्ही थबकलो. त्याची नोंद ऊन लागल्याची झाली असेल, पण टाकीत दुसरंही कारण असू शकतं. मिग वेल्डिंगमध्ये जोडावर सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गॉन हवेपेक्षा जड असतो. वेल्डिंगची टॉर्च (गॅस सोडणारी नळी) टाकीत ठेवून माणूस जेवायला गेला आणि व्हॉल्व्ह किंचित गळत राहिला की गॅस तळाशी साचतो आणि हवा वर ढकलली जाते. परत उतरलेला माणूस काही कळायच्या आत कोसळतो. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च बाहेर आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, हा नियम उद्यापासून करा. उतरण्याआधी ऑक्सिजन मीटरनं तळाची हवा मोजायची, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. काम चालू असताना ब्लोअर चालू आणि तोंडाशी एक माणूस कायम. आतला पडला तर बाहेरच्यानं उडी घ्यायची नाही, अशा अपघातांत दुसरा बळी बऱ्याचदा वाचवायला गेलेल्याचा असतो. आणि "आत उकडतंय" म्हणून गॅस-कटिंगच्या ऑक्सिजनची नळी आत सोडायची सवय कुणाला असेल तर ती आजच मोडा. ऑक्सिजननं कपडे भिजल्यासारखे होतात आणि एका ठिणगीत पेटतात. हा खर्च नफ्याच्या हिशेबात घालूच नका. तो सुरक्षेचा खर्च आहे, शेठकडे वेगळा मागा आणि आधी मागा.

उष्माघाताची ओळख सुपरवायझरांना गुजराती-हिंदीत पाठ करून द्या: असंबद्ध बोलणं, तोल जाणं, तापलेलं अंग. अशा माणसाला पाणी पाजत बसू नये. १०८ ला फोन, एप्रन काढायचा, अंगावर पाणी ओतत राहायचं, पंखा लावायचा, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

आता चष्मा. फॅब्रिकेशनमध्ये सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट हीच असावी असं आमचं मत आहे, आणि पॅकेजमध्ये तिचा उल्लेखही नसतो. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं. ऑफिसातला माणूस चष्मा करून घेतो. फिटर पट्टी लांब धरून वाचतो, वेल्डर काळ्या काचेतून अंदाजानं जोड पकडतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीवरच्या ७५१ मजुरांवर प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची रोजची खुडणी दुसऱ्या गटापेक्षा जवळपास २२ टक्क्यांनी जास्त वाढली. तिथे औषध नव्हतं, व्याख्यान नव्हतं, फक्त चष्मा.

करायचं असं. चाळिशीवरची यादी काढा, समजा ३८ निघाले. डोळे तपासायला माणूस कारखान्यातच बोलवा. आणि ही गोष्ट विसरू नका: वाचायचा चष्मा सुमारे ४० सेंटिमीटरच्या अंतरासाठी बनतो, फिटरचं काम मात्र ५०-६० सेंटिमीटरवर असतं. प्रत्येकाचं डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर टेपनं मोजून चिठ्ठीवर लिहून द्या. ते न केल्यामुळे चष्मे मिळतात आणि लॉकरमध्ये पडून राहतात. वेल्डरसाठी हेल्मेटच्या आत बसणारी भिंगाची काच मिळते, ती घ्या. ग्राइंडिंगवाल्याला चष्म्यावरून बसेल असा गॉगल लागतो, नाहीतर तो गॉगल काढून ठेवेल. फायदा मोजायला टेस्टिंगच्या रजिस्टरमधल्या गळत्या वेल्डरनिहाय तीन महिने आधी आणि तीन महिने नंतर काढा.

तिसरा खर्च रक्तदाब आणि साखर, पण तपासणीवर कमी आणि पाठपुराव्यावर जास्त. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आढळला. तुमची माणसं वयानं तरुण असतील तरी १३२ मध्ये २० जण निघायला हरकत नाही. प्रश्न त्यांना शोधण्याचा नाही. चिठ्ठी हातात मिळाल्यावर दवाखान्यात जायचं तर दिवसाची रोजी बुडते, म्हणून माणूस जात नाही. या २० जणांना पहिल्या दोन फेऱ्यांसाठी अर्धा दिवस भरपगारी द्या. ३५० गुणिले ४०, म्हणजे १४,००० रुपये. औषध ईएसआयचं फुकट आहे, हप्ता तुम्ही भरताच आहात. २०१४ साली एका मोठ्या अमेरिकी पेयकंपनीच्या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं. आधीपासून आजारी असलेल्यांच्या पाठपुराव्यात एका डॉलरला ३.८० डॉलर परत आले. सगळ्यांसाठीच्या जीवनशैली कार्यक्रमात अवघे ५० सेंट.

रक्तदाब मोजताना घाई केली की आकडे चढे येतात. दंडाला बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा. चहा, बिडी, मावा घेऊन अर्धा तास झालेला असावा, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवायचं. हात छातीच्या उंचीला टेकवून, एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. १४०/९० किंवा वर दोन वेगवेगळ्या दिवशी आला तरच चिठ्ठी. शेडमधून थेट उठवून उभ्या उभ्या मोजलंत तर निम्मा कारखाना रुग्ण ठरेल.

साठ चाचण्यांचंही असंच. प्रयोगशाळेची 'नॉर्मल' मर्यादा साधारण १०० निरोगी माणसांतली ९५ आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे प्रत्येक चाचणीत पाच निरोगी माणसं विनाकारण बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर धडधाकट माणसाच्या अहवालातही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के असते. साठ केल्या तर जवळपास प्रत्येकाच्या हातात एक लाल आकडा. मग धावपळ, पुन्हा चाचण्या, आणखी खाडे.

वजन उचलण्याबद्दल थोडक्यात. तज्ज्ञांच्या हिशेबानं उत्तम परिस्थितीतही एका माणसानं हातानं उचलायचं वजन २३ किलोपर्यंत. हेच वजन अंगापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर धरलं की मर्यादा निम्म्यावर येते. कंबरपट्टे वाटू नका, त्यानं कंबर वाचत नाही. तारेची रिळं आणि फ्लॅंज जमिनीवर ठेवायचे बंद करून ७५ सेंटिमीटर उंच घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, आणि उकिडवं बसून चालणारं ग्राइंडिंगही घोडीवर घ्या. जुन्या अँगलमधून घोड्या तुमच्याच शेडमध्ये बनतील. योगवर्ग कुणाला हवा असेल तर जरूर ठेवा, माणसांना बरं वाटतं, पण त्याच्या नावावर बचत लिहू नका.

पहिल्या वर्षाचा खर्च, समजा असा: जार १५,०००, पाणी भरणाऱ्याचे दोन तास ७५ दिवस १०,५००, रक्तदाबाची दोन मशीनं ५,०००, तापमान-आर्द्रता मोजायची यंत्रं १,५००, चष्मे २५ जणांना ५०० प्रमाणे १२,५००, भरपगारी अर्धे दिवस १४,०००. एकूण ५८,५००. समोर खाड्यातली अपेक्षित बचत ६९,३००. रिवर्क कमी झालं तर ते वर, पण आधी मोजायचं, मग लिहायचं. दरांच्या जागी तुमची कोटेशनं भरा. "अंगात बळ नसताना कामावर येण्याचं नुकसान" असले लाखांचे आकडे इंटरनेटवर मिळतात. ते घालू नका, शेठना ते तपासता येणार नाहीत आणि बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल.

फायदा झाला हे कसं दाखवायचं, ते आताच ठरवा. या जूनची तुलना ऑक्टोबरशी करू नका, नवरात्रात रात्री गरबा आणि सकाळी झोप, मग दिवाळी. गेल्या वर्षीच्या एप्रिल-जूनशी करा, तीही आजारपणाच्या खाड्यांपुरती. गेल्या वर्षी 'अ'चे पाच भाग नव्हते, म्हणून जुना हजेरीपट घेऊन सुपरवायझरबरोबर बसा आणि आठवतील तेवढे खाडे वेगळे करा. पाणी, विश्रांती आणि चष्मा सगळ्यांना द्या, त्यात कुणाला मागे ठेवणं बरोबर नाही. छताला पांढरा रंग आणि वरचे टर्बो पंखे खर्चिक आहेत, ते पहिल्या वर्षी एकाच शेडला करा. दुसरं शेड तसंच ठेवून दोन्हीकडे छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर, १०, १ आणि ४ वाजता तापमान आणि आर्द्रता लिहा. नुसतं तापमान जुलैत फसवतं, पारा उतरलेला असतो आणि दमटपणामुळे घाम वाळत नाही. कोणत्या शेडला रंग द्यायचा ते नाणं उडवून ठरवा. सगळ्यात वाईट शेड निवडलंत तर ते पुढच्या वर्षी आपसूकही थोडं सुधारतं, आणि श्रेय कुणाचं ते कळत नाही.

माणूस टिकण्याचा हिशेब पहिल्या वर्षी नुसता सुरू करून ठेवा. सोडून गेलेल्या दर वेल्डरमागे ठेकेदाराचं कमिशन, टेस्ट प्लेटचं लोखंड, तार आणि गॅस, सुपरवायझरचे तास आणि नव्याचं पहिल्या महिन्यातलं रिवर्क, असे चार रकाने पुरेत.

पॅकेजवाल्यांना एकदम नाही म्हणायची गरज नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये चाळिशीवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाकडे आली आहे, तेव्हा त्या ३८ जणांची तपासणी करायचीच आहे. त्यांच्याकडून फक्त तेवढ्यांचा दर मागा: रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन, लघवीतलं अल्ब्युमिन, दृष्टी आणि वेल्डर-ग्राइंडरसाठी फुप्फुसांची क्षमता व ऐकण्याची तपासणी. अ‍ॅप नको. करारात एक अट लेखी घाला: अहवाल बंद पाकिटातून त्याच्या त्याच्या हातात जाईल, कारखान्याला फक्त "३८ पैकी इतक्यांना जास्त" असा एकत्रित आकडा मिळेल. साखर निघाली की कामावरून काढतील ही भीती एकदा शेडमध्ये पसरली तर पुढच्या वर्षी तपासणीच्या दिवशीच सगळ्यात जास्त खाडे पडतील.

शेठपुढे कागद जानेवारीच्या आत ठेवा. छताचा रंग फेब्रुवारीत व्हायला हवा, एप्रिलमध्ये तापलेल्या पत्र्यावर माणूस चढवायचा नाही. पत्रा सिमेंटचा असेल तर त्यावर थेट पाय न देता फळ्या टाकूनच चालायचं आणि कंबरेला दोर. रंगाआधी पत्रा धुवून गळती बुजवा, दोन हात मारा. जीआयडीसीची धूळ बसून पांढरेपणा उतरतो, म्हणून पुढच्या प्रत्येक फेब्रुवारीत धुण्याचे पैसे आताच अंदाजपत्रकात धरून ठेवा.